थोडक्या माणसांचं खोरं

सोअर-अ-मनिद या चॅपेलला तबेला आहे. प्रार्थनेची खोली, देखभाल करणाऱ्याचं घर आणि घोड्यांचा तबेला, तिन्ही एकाच लांबट छपराखाली. मध्य वेल्सच्या डोंगरात, कामदूर नावाच्या लहानशा नदीच्या काठी, १८२२ साली कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते बांधलं. पुढाकार त्रेगारोन गावचे पाद्री एबेनेझर रिचर्ड यांचा. (त्यांचा मुलगा हेन्री पुढे खासदार झाला. देशादेशांतले तंटे लढाईऐवजी लवादाने मिटवावेत म्हणून तो आयुष्यभर झगडला. त्रेगारोनच्या चौकात त्याचा पुतळा उभा आहे.)

तबेला हवाच होता, कारण इथे येणारा प्रत्येक जण घोड्यावरून, नाहीतर पायी डोंगर ओलांडून यायचा. चॅपेलभोवती गाव नाही. आधी होतं आणि मग उठून गेलं असंही नाही, ते कधी नव्हतंच. दुकान नाही, चौक नाही, शेजारी घर नाही. एका ओढ्याच्या वळणावर एक शेतघर, मग डोंगराची सोंड, मग पुढच्या ओढ्यावर दुसरं शेतघर, अशी ही वस्ती. वेस, पार, देऊळ, चावडी अशा खुणांनी गाव ओळखणारे आपण इथे आलो की पहिल्यांदा विचारतो, माणसं कुठे आहेत? मीही तेच विचारलं होतं. माणसं होती, आहेत. ती रविवारी इथे जमायची आणि सोमवारी पुन्हा आपापल्या ओढ्यावर असायची. चॅपेल बांधताना त्यांनी सगळ्यांना त्यातल्या त्यात सोयीची पडेल अशी जागा निवडली, आणि ती जागा म्हणजेच त्यांचं गाव झालं.

आत लाकडी बाकं आहेत आणि भिंतीवर वेल्श भाषेत रंगवलेली एक ओळ: 'देव प्रीती आहे'. तीच ओळ मी लहानपणी पुण्यात, शाळेच्या वाटेवरच्या चर्चच्या भिंतीवर मराठीत वाचत असे. इथे ती पाहून मी बराच वेळ उभी राहिले. या पंथाच्या लोकांनी १८४० साली आपली स्वतःची परदेश मिशन संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला मिशनरी, थॉमस जोन्स नावाचा सुताराचा मुलगा, चेरापुंजीला पोहोचला. खासी भाषा रोमन लिपीत लिहायची पद्धत त्याने बसवली. खासी लोक आपलं गीत आजही वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर गातात. ज्यांच्या चॅपेलला पोहोचायलाही घोडा लागायचा, त्या पंथाच्या माणसांनी आसामच्या पलीकडच्या डोंगरांशी नातं जोडलं, हे मला फार मोठं वाटतं.

आकडे सांगायचे तर, शेजारच्या पॉविस परगण्यात २०२१ च्या जनगणनेप्रमाणे एका चौरस किलोमीटरला सरासरी २६ माणसं राहतात. महाराष्ट्रात २०११ साली हा आकडा ३६५ होता. आणि २६ ही सरासरी त्यातल्या छोट्या शहरांना धरून आहे. तवी नदीच्या उगमाकडच्या या डोंगरांत आठवडाभर चाललात तरी भेटणारी माणसं बोटांवर मोजता येतील. या प्रदेशाला लोक वेल्सचं हिरवं वाळवंट म्हणतात. प्रवासाच्या माहितीपत्रकांना हे नाव भारी आवडतं. मला ते बोचतं. का, ते पुढे सांगते.

इथल्या डोंगरी शेतीत नांगर कमी आणि मेंढी जास्त. घराजवळ थोडी कुरणं, गवत कापून साठवायला पुरतील एवढी, आणि वर उघडा डोंगर. डोंगराला कुंपण नाही. तरी मेंढ्या भलतीकडे जात नाहीत, कारण कुठल्या उतारावर चरायचं, वाऱ्याच्या वेळी कुठल्या कड्याच्या आडोशाला यायचं, हे मेंढी आपल्या पिल्लाला शिकवते आणि ते पिल्लू पुढच्याला. एका कळपाने पिढ्यान् पिढ्या ओळखलेला डोंगर दुसऱ्या कळपाला आयता समजत नाही. म्हणून शेत एका कुळाकडून दुसऱ्याकडे गेलं तरी डोंगरावरचा कळप शेताबरोबरच राहतो. माणूस जातो, मेंढ्या थांबतात. माणसांचंही काहीसं तसंच. वेल्समध्ये आडनावं फार थोडी. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स यांच्यातच निम्मं खोरं आटोपतं. त्यामुळे माणसाची ओळख शेताच्या नावाने. अमक्या ओढ्याचा जोन्स, तमक्या कड्याचा इव्हान्स. शेत सुटलं की नावही अर्धं सुटायचं.

लोकर कातरणीचे दिवस या खोऱ्याचा खरा सण. आपल्याकडची इर्जिक ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक शेताचा कातरणीचा दिवस परंपरेने ठरलेला असे आणि त्या दिवशी सगळी शेजारपाजारची शेतं तिथे लोटत. शेजार म्हणजे पाच-सात मैलांवरचाही. पहाटे घोडेस्वार आणि कुत्री डोंगर विंचरून मेंढ्या खाली आणायची. पुरुष बाकांवर बसून हातकात्रीने कातरायचे, पोरं मेंढ्या धरून आणायची, कुणी कातरलेली लोकर गुंडाळायचं, कुणी मेंढीच्या अंगावर डांबराने शेताची खूण उठवायचं. मजुरी नाही. जेवण मात्र असं, की घरच्या बाया कित्येक दिवस आधीपासून राबायच्या. पुढच्या दिवशी सगळा लवाजमा पुढच्या शेतावर. कानाच्या खुणाही प्रत्येक शेताच्या वेगळ्या, आणि चुकून आलेली शेजाऱ्याची मेंढी त्या खुणेवरून परत जायची. म्हणजे दोन घरांमध्ये चार मैलांचा उघडा डोंगर होता खरा, पण त्या दोन घरांना एकमेकांच्या मेंढ्यांचे कान पाठ होते. माझ्या शहरातल्या इमारतीत जिन्यावर भेटणाऱ्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही.

याच डोंगरावरून गुराख्यांच्या वाटा इंग्लंडकडे जायच्या. त्रेगारोनहून अबरग्वेसिनकडे जाणारी वाट त्यांतली मोठी. गुरांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकायचे, बदकं-हंसांचे पाय डांबरात आणि वाळूत बुडवून कडक करायचे, आणि शेकडो मैल हाकत न्यायचे. एवढा पैसा घेऊन परतणं धोक्याचं, म्हणून डेव्हिड जोन्स नावाच्या एका गुरं-व्यापाऱ्याने १७९९ साली खाली लॅंडोव्हरीला पेढी काढली. तिच्या नोटांवर काळा बैल छापलेला असे. आगगाडी आली आणि त्या वाटा ओस पडल्या. पेढी मात्र १९०९ पर्यंत टिकली, मग लॉइड्स बॅंकेने ती घेतली.

अशा विरळ वस्तीचं एक गणित असतं आणि ते बाहेरच्याला दिसत नाही. वीस घरांच्या खोऱ्यातून दोन घरं गेली तर बाहेरून काहीच बदलत नाही. आतून मात्र कातरणीला चार कात्र्या कमी, डोंगर विंचरायला दोन घोडे कमी, शाळेत तीन पोरं कमी. सोअरच्या चॅपेलमध्ये १९४० च्या दशकापर्यंत शाळाही भरायची. शहरातून दहा हजार माणसं निघून गेली तरी शहर चालतं. इथे तिसरं घर उठलं की उरलेल्या सतरांना आपली कामं पुरी होईनाशी होतात, मग ती सतराही टिकत नाहीत.

१९४७ च्या हिवाळ्यात बर्फ पडायला लागला तो आठवड्यांमागून आठवडे पडतच राहिला. मेंढ्या बर्फाच्या ढिगांखाली गाडल्या गेल्या. वसंतात बर्फ वितळल्यावर मेलेल्या मेंढ्या कड्यांच्या आडोशाला सापडल्या, म्हणजे त्यांना शिकवल्याप्रमाणे त्या अगदी बरोबर जागी आल्या होत्या. डोंगर ओळखणारा कळप एकदा संपला की बाजारातून विकत आणता येत नाही. त्या वर्षानंतर कितीतरी शेतकऱ्यांनी हे डोंगर सोडले.

मग सरकारी वनखातं आलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची टंचाई जाणवली म्हणून १९१९ साली ते स्थापन झालं होतं आणि त्याला मोठमोठे सलग डोंगर हवे होते. १९५० च्या सुमारास तवीच्या वरच्या खोऱ्यातली शेतं सक्तीने ताब्यात घ्यायचा बेत झाला तेव्हा शेतकऱ्यांनी एकजुटीने विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. पण जिथे मालक थकले होते, मुलं शहरात गेली होती, तिथे डोंगर विकत घेतला गेला आणि त्यावर उत्तर अमेरिकेतून आणलेला सिट्का स्प्रूस लावला गेला. आज वर जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही झाडं इतकी दाट उभी आहेत की आत पाऊल टाकायला जागा नाही. मधेच दगडी भिंतींचा चौकोन दिसतो, चूल असायची ती जागा दिसते, आणि तिच्यातून स्प्रूस वर गेलेला. जंगल मला आवडतं. हे जंगल मला कधी आवडलं नाही.

आता पाणी. वेल्सच्या खोऱ्यांची गोष्ट पाण्याशिवाय सांगता येत नाही. इथून उत्तरेला एलान नदीचं खोरं आहे. बर्मिंगहॅम शहराच्या नळांसाठी १८९३ पासून तिथे धरणं बांधली गेली आणि शंभरावर माणसांची घरं गेली. मोबदला जमीनमालकांना मिळाला, कुळांना नाही. आणखी वर त्रिवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन गाव १९६५ साली लिव्हरपूलसाठी बुडवलं गेलं. वेल्सच्या एकाही खासदाराने त्या कायद्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं, तरी तो संमत झाला. ही गोष्ट आज वेल्समधल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. ज्यांनी लहानपणी मुळशीच्या १९२१ च्या सत्याग्रहाची गोष्ट ऐकली आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र त्याच सुमाराची आणि कमी ऐकलेली. स्वान्सी शहराला पाणी हवं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराच्या महापालिकेने कारमार्थेनशायरमधलं ग्वेन्द्रायथ वाख नदीचं खोरं निवडलं. तिथे लॅन्गिन्देर्न नावाचं गाव. गावकऱ्यांनी बचाव समिती केली. पाद्री डब्ल्यू. एम. रीस आणि शेतकरी, सगळे एकत्र आले. १९६३ मध्ये मोजणीदार आले तेव्हा शेताशेतांची फाटकं साखळदंडांनी बंद होती, फाटकांमागे ट्रॅक्टर आडवे लावले होते, आणि कुणी परकं आलं की चर्चची घंटा वाजवायची असं ठरलं होतं. घंटा वाजली की सगळा गाव फाटकावर. मोजणीदार पोलिसांसह आले आणि मोजणी न करताच परत गेले. शेवटी महापालिकेने तो बेत सोडला. लॅन्गिन्देर्नमध्ये त्या विजयाचं दगडी स्मारक आहे आणि ते पाहताना ऊर भरून येतो.

पण स्वान्सीची तहान तशीच होती. धरण तिथे झालं नाही, ते इथे झालं, तवी आणि कामदूरच्या खोऱ्यात. १९६८ ला काम सुरू झालं, १९७२ ला पुरं झालं. लिन ब्रियान हे त्याचं नाव. दगड-मातीचा बांध ९१ मीटर उंच, ब्रिटनमधला सर्वांत उंच. इथे कुणी फाटक अडवलं नाही, साखळदंड बांधले नाहीत. घंटा वाजवली असती तरी धावत येणार कोण? बर्फाने आणि झाडांनी ते काम आधीच करून ठेवलं होतं. व्हॅनोग नावाचं एक शेतघर पाण्याखाली गेलं. दुष्काळात तलाव फार खाली गेला की त्याच्या भिंती वर दिसतात. बाकी बुडाली ती कुरणं, ओढ्यांचे संगम, आणि घोड्यावरून सोअरला यायच्या वाटा.

लॅन्गिन्देर्नच्या लोकांना मी दोष देत नाही. आपलं घर वाचवणाऱ्याला दोष कसा देणार? धरणासाठी जागा शोधताना जिथे सर्वांत कमी माणसांना त्रास होईल तिथे जावं, हा हिशेबही माणुसकीचाच आहे, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. तरी एक गोष्ट सलते. कमी माणसं म्हणजे कमी त्रास, हे गणित बाहेरून करायचं असतं. ज्या घराचं सगळं आयुष्य त्या चार घरांच्या आधारावर उभं आहे, त्याच्यासाठी त्रास शंभर टक्केच असतो. आणि प्रत्येक वेळी सर्वांत कमी माणसांकडेच जायचं ठरलं, तर त्याच त्या माणसांकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. लाकूड हवं, इथे या. पाणी हवं, इथे या. लष्कराला तोफा उडवायला मैदान हवं झालं तेव्हा १९४० साली इथून जवळच्या एपिन्टच्या डोंगरावरची ५४ घरं काही आठवड्यांत रिकामी करून घेतली. ती माणसं परत गेली नाहीत, तिथे अजून तोफाच उडतात. हिरवं वाळवंट हे नाव मला बोचतं ते यामुळे. एखाद्या जागेला वाळवंट म्हटलं की तिथून काहीही उचलायला मन कचरत नाही.

हे मी लिहिते ते स्वान्सीत बसून. लग्नानंतर या शहरात आले आणि इथलीच झाले. ब्रियानच्या धरणातून सोडलेलं पाणी तवीच्याच पात्रातून कितीतरी मैल खाली वाहत येतं, नान्तगारेदिगजवळ ते उचलून शुद्ध करतात, आणि मग ते आमच्या घरांत येतं. मी त्या पाण्यात वरण शिजवते, त्याच पाण्यावर माझी मुलं वाढली. म्हणून वर जायला लागले. आधी धरण बघायला गेले, मग रस्ता तलावाच्या काठाकाठाने जिथे नेतो तिथवर, आणि तो रस्ता सोअरला नेतो.

विरळ वस्तीने एक गोष्ट राखली, तीही सांगायला हवी. लाल घार ब्रिटनमध्ये एके काळी सगळीकडे होती. शेतकऱ्यांनी, शिकार राखणाऱ्यांनी गोळ्या घालून आणि विष घालून ती संपवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साऱ्या ब्रिटनमध्ये तिच्या मोजक्या जोड्या उरल्या, आणि त्या उरल्या त्या इथे, तवीच्या वरच्या खोऱ्यात आणि आसपास. काही माणसांनी १९०३ मध्ये समिती करून घरट्यांवर पहारे ठेवले. आज वेल्समध्ये त्यांच्या हजारो जोड्या आहेत. इंग्लंडमधल्या घारी स्पेन आणि स्वीडनहून आणून सोडलेल्या, पण इथल्या या खोऱ्याने स्वतः जपलेल्या. चॅपेलवर घिरट्या घालणारी, दुबेळक्या शेपटीची ती तांबूस घार पाहिली की मला त्या अंड्यांवर पहारा देणाऱ्या, नाव न राहिलेल्या शेतकऱ्यांची आठवण येते.

सध्या तवीच्या खोऱ्यात पुन्हा फाटकांवर फलक लागले आहेत. डोंगरांवर नव्या पवनचक्क्या उभारायच्या आणि त्यांची वीज मनोऱ्यांवरून खोऱ्यातून खाली न्यायची, असा प्रस्ताव आहे. स्वच्छ वीज मला हवी आहे, माझ्या मुलांसाठी तर हवीच आहे. पण तारा जमिनीखालून न्या, खर्च जास्त आला तरी चालेल, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने मी सही केली आहे. तो खर्च शहरांनी बिलातून भरावा. पाण्याचा कधी भरला नाही, विजेचा तरी भरावा.

सोअरमध्ये उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी अजून प्रार्थना होते. वेल्शमध्ये. दूरदूरवरून गाड्या येतात, तबेल्यासमोरच्या मोकळ्या जागेत लागतात, आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी हे डोंगर सोडले त्यांची नातवंडं चार सुरांत भजनं म्हणतात. मला शब्द कळत नाहीत. पण शेवटचं कडवं ते संपवत नाहीत, पुन्हा उचलतात, मग पुन्हा, तेव्हा आमच्या वारकऱ्यांनाही हे ओळखीचं वाटेल असं मनात येतं.

गेल्या खेपेला चहाच्या वेळी शेजारी एक आजी बसल्या होत्या. या खोऱ्यातलं एक शेत त्यांच्या घराकडे अजून आहे, आता नात बघते. मी कुठली म्हणून त्यांनी विचारलं. स्वान्सीची म्हटल्यावर हसल्या. "म्हणजे आमचंच पाणी पिता तुम्ही." त्यात टोमणा नव्हता, ओळख पटल्याचा आनंद होता. मी म्हटलं, "हो आजी, आणि त्याबद्दल कधी कुणाला काही म्हणायचं राहूनच गेलं." त्यांनी माझ्या बशीत आणखी एक केकचा तुकडा ठेवला आणि कातरणीबद्दल सांगायला लागल्या. आता कातरणारी टोळी बाहेरून येते, विजेची यंत्रं घेऊन, त्यांतली काही पोरं न्यूझीलंडची. भराभर कातरतात. लोकरीला भाव नाही, कधीकधी कातरायचा खर्चही निघत नाही, पण मेंढीला उन्हाळ्यात लोकरीत ठेवता येत नाही. अडचण येते ती लोकर गुंडाळायला. पूर्वी त्या कामाला सगळ्या खोऱ्यातल्या बाया असायच्या, आता नात आणि मीच, आणि माझे गुडघे गेले.

मी विचारलं, मला जमेल का ते काम? माझे हात बघून त्या म्हणाल्या, जमेल, अर्ध्या तासात शिकाल. पाऊस नसेल त्या दिवशी काढतात, आदल्या रात्री ठरतं, आणि वर मोबाइलला रेंज नाही, तेव्हा घरच्या फोनवरून कळवू. मग त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं, त्याच्या पाठीवर माझा नंबर लिहून घेतला, आणि नाव विचारलं. माझं नाव लिहून त्यापुढे त्यांनी स्वान्सी लिहिलं, शेताचं नाव लिहितात तसं.